'शोले'चे नाणे आणि 'दीवार'चा बिल्ला

चित्रपटांतील गाजलेल्या वस्तूंची चर्चा निघाली, की ती हटकून लिलावाच्या आकड्यांवर जाऊन थांबते. १९३९ च्या 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधील डोरोथीचे लाल बूट घ्या. मूळ पुस्तकात ते रुपेरी होते. टेक्निकलरमध्ये उठून दिसावेत म्हणून लाल झाले. त्यांचा एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातील संग्रहालयातून चोरीला गेला, २०१८ मध्ये एफबीआयने तो हस्तगत केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये शुल्कासह सव्वातीन कोटी डॉलरना तो विकला गेला. बूट देखणे आहेत, यात वाद नाही. मी मात्र अशा वस्तूबाबत एकच प्रश्न विचारतो: ती काढून घेतली तर कथेचे काय होते?

या कसोटीवर 'शोले'तील नाण्याच्या जवळपास येणारी वस्तू मला सापडलेली नाही. जखमी ठाकूरला इस्पितळात न्यायचे की पळून जायचे, हा निर्णय जय नाणेफेकीवर सोपवतो. पुलापाशी डाकूंना थोपवण्यासाठी मागे कोणी राहायचे, हेही तसेच ठरते. जय गेल्यावर वीरू ते नाणे उलटसुलट करून पाहतो आणि दोन्ही बाजूंना छापाच निघतो. तोवर नशिबावर हवाला ठेवणारा, बेफिकीर वाटलेला जय दरवेळी मनाशी पक्के ठरवूनच नाणे उडवत होता, आणि वीरूने हुज्जत घालू नये म्हणून नाण्याची आड घेत होता, हे एका शब्दाच्याही स्पष्टीकरणाविना उमगते.

त्याच सलीम-जावेद यांनी त्याच १९७५ साली त्याच अमिताभच्या हाती 'दीवार'मध्ये ७८६ क्रमांकाचा गोदी कामगाराचा बिल्ला दिला. देवळाची पायरी न चढणारा विजय रहीमचाचांच्या सांगण्यावरून तो जिवापाड जपतो, ही विसंगती मला बिल्ल्याने गोळी अडवण्याच्या चमत्कारापेक्षा मोलाची वाटते. तो चमत्कार जरा सोयीचाच आहे, आणि एकदा तो पाहिल्यावर बिल्ला निसटला की काय होणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. नाणे शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही.

('झपाटलेला'तील तात्या विंचूची आठवण काढणाऱ्यांना एवढेच सांगेन, की रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या त्या बाहुल्याला वस्तूंच्या यादीत बसवणे हा त्याचा अपमान ठरेल. तो रीतसर खलनायक आहे.)

पडद्यावरचे आयुष्य मात्र बिल्ल्यालाच अधिक लाभले. १९८३ च्या 'कुली'त अमिताभने पुन्हा ७८६ क्रमांकाचाच बिल्ला लावला, कारण तोवर प्रेक्षकांनी तो आकडा विजयच्या नव्हे, नटाच्या खात्यावर जमा केला होता.