मासा दोघांनाही दिसला होता

‘पाश्चात्त्य माणसाला वस्तू दिसते, पूर्वेकडच्या माणसाला पार्श्वभूमी, कारण दोघांचे मेंदूच जन्मतः वेगळे असतात,’ अशा आशयाचा मजकूर सध्या सर्रास पुढे पाठवला जातो. संस्कृती पाहण्याच्या सवयी घडवते, हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच या विचाराचे असे विपरीत रूप खटकते.

पहिला भाग वस्तू आणि पार्श्वभूमीचा. मानसशास्त्रज्ञ ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जपानी व अमेरिकन विद्यार्थ्यांना पाण्याखालची चलदृश्ये दाखवून काय पाहिले ते सांगायला लावले होते. ‘तळ्यासारखे काहीतरी होते’ अशी सुरुवात जपानी विद्यार्थ्यांकडून अधिक झाली, तर अमेरिकन विद्यार्थी बहुधा पुढच्या ठळक माशापासून सुरुवात करत. पार्श्वभूमीचे उल्लेख जपानी विद्यार्थ्यांनी ६० टक्क्यांहून अधिक जास्त केले. परंतु त्या ठळक माशाचे उल्लेख दोन्ही गटांत जवळपास सारखेच होते, आणि नेमके हेच वगळले जाते.

नजरच वेगळी फिरते, या म्हणण्याला २००५ च्या एका अभ्यासाचा आधार दिला जातो. त्यात अमेरिकन विद्यार्थ्यांची नजर मुख्य वस्तूवर लवकर जाऊन अधिक वेळ टिकली, हे खरे. मात्र २००९ मध्ये दुसऱ्या संशोधकांना अमेरिकन व चिनी सहभागींच्या नजरेत तसा फरक आढळला नाही.

‘जन्मतः’ हा शब्द तर मुळीच टिकत नाही. २००६ च्या एका प्रयोगात जपानी शहरांतील, वस्तूंची दाटी असलेली छायाचित्रे पाहिल्यावर जपानी आणि अमेरिकन, दोघांनाही पार्श्वभूमीतले बदल अधिक जाणवले. नामिबियातील हिंबा या पशुपालक समाजाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. मोठ्या वर्तुळांनी वेढलेले मधले वर्तुळ आपल्याला असते त्यापेक्षा लहान भासते. पारंपरिक वस्तीत राहणारे हिंबा या भासाला फारच कमी फसतात, म्हणजे ‘पाश्चात्त्य’ नसूनही ते नेमक्या वस्तूवर लक्ष ठेवण्यात ब्रिटिश सहभागींच्याही पुढे असतात. आणि त्याच समाजातील जी माणसे शहरात राहायला गेली, त्यांच्यात आजूबाजूच्या वर्तुळांचा प्रभाव वाढलेला २०१२ च्या अभ्यासात दिसला. समाज तोच होता, बदलला होता तो रोज डोळ्यांसमोर असणारा परिसर.