‘गोइंग टू गो’ चूक नाही

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की ‘आय अ‍ॅम गोइंग टू गो’ला बरोबर ठरवून मी मुलांची भाषा बिघडवते आहे. ‘मी जायला जात आहे’ असं कुणी म्हणतं का? आणि ‘विल’ असताना हे ‘गोइंग टू’ हवंच कशाला?

पहिलं मला अजिबात मान्य नाही. या ‘गोइंग’मध्ये चालणं उरलेलंच नाही. आपल्याकडे ‘करायला गेलो एक आणि झालं भलतंच’ म्हणणारा माणूस जागचा हललेला नसतो. तो ‘गेलो’ मनातल्या बेताबद्दल असतो. इंग्रजीत नेमकं हेच झालं, आणि तेही काही शतकांपूर्वी. पुरावा बोलण्यात आहे. ‘गोइंग टू’चं ‘गॉना’ होतं ते फक्त बेताच्या किंवा अंदाजाच्या अर्थी. ‘आय अ‍ॅम गॉना ईट’ म्हणतात, ‘आय अ‍ॅम गॉना पुणे’ कुणी म्हणत नाही. खरंच कुठे जायचं असेल तर शब्द अख्खा उच्चारावा लागतो. म्हणून ‘गोइंग टू गो’ म्हणजे सरळ ‘जाणार आहे’.

आता ‘विल’. घरात कुणी म्हणालं, ‘सिलिंडर संपला.’ तुम्हाला आत्ताच कळलं असेल तर तुम्ही म्हणता, ‘थांब, मी नंबर लावते.’ सकाळीच लक्षात आलं असेल तर म्हणता, ‘हो, लावणार आहे.’ पहिल्याला इंग्रजीत ‘आय विल’, दुसऱ्याला ‘आय अ‍ॅम गोइंग टू’. माझ्या एका विद्यार्थिनीला साहेबांनी अहवालाची आठवण केली. तिचं पाठवायचं आधीच ठरलं होतं, पण ती म्हणाली, ‘आय विल सेंड इट.’ साहेबांना वाटलं, ही विसरलीच होती! मराठीत ती ‘पाठवणारच आहे’ म्हणाली असती, त्यातला ‘च’सुद्धा न चुकता. हा फरक आपल्या जिभेवर आहेच, तो मुलांना दाखवून द्यायचा एवढंच. वर्गात ‘विल म्हणजे भविष्यकाळ’ एवढंच घोकून घेतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. अंदाज सांगताना ‘विल’ चालत नाही, असं मी लिहिलं होतं. ते चूक होतं. ‘उद्या पाऊस पडेल’ याला इंग्रजीत दोन्ही चालतात. समोर ढग भरून आलेले दिसत असले, की ‘गोइंग टू’ जास्त शोभतं. मूळ लेखातलं ते वाक्य आज दुरुस्त केलं आहे.