‘प्लास्टिकच्या कारखान्यातल्या कामगारांनी युरोप जिंकला’: असं काहीही घडलेलं नाही

बास्केटबॉल शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. आता तो आमच्या भाच्याच्या क्लासमध्ये सरांनी मुलांसमोर मोठ्याने वाचूनही दाखवला, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज थोडक्यात असा: युगोस्लाव्हियातल्या (आताच्या क्रोएशियातल्या) स्प्लिट शहरात ‘युगोप्लास्तिका’ नावाचा प्लास्टिकचा कारखाना होता. तिथले कामगार दहा तास मशीनवर उभे राहायचे आणि रात्री उघड्या मैदानावर सराव करायचे. ना कोच, ना सोयी. सगळे एकाच गावचे. त्यांनी सलग तीनदा युरोप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकला, असं करणारा हा एकमेव क्लब. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या संघालाही हरवलं. मग युद्ध आलं आणि क्लब संपला. तात्पर्य: ‘प्रतिभा लागत नाही, फक्त घाम लागतो.’

सलग तीन विजेतेपदं खरी आहेत: १९८९ म्युनिक, १९९० सारागोसा, १९९१ पॅरिस. बाकीच्यातलं फारच थोडं टिकतं. सगळ्यात घातक आहे ती कामगारांची गोष्ट, कारण शाळा आणि ट्यूशन करून दमलेल्या मुलांना आणखी दोन तास पळवायला तीच वापरली जातेय.

युगोप्लास्तिका हा कारखाना होता, हे खरं. पण तो क्लबचा प्रायोजक होता. क्लब १९४५ चा, हायदुक या क्रीडा संस्थेचा बास्केटबॉल विभाग म्हणून सुरू झालेला. कारखान्याचं नाव त्याला १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लागलं, आपल्याकडे एखाद्या स्पर्धेला कंपनीचं नाव लागतं तसं. आणि १९९१ चं तिसरं विजेतेपद तर युगोप्लास्तिका या नावाने जिंकलेलंच नाही. तेव्हा जर्सीवर ‘पॉप ८४’ होतं, एका इटालियन कपड्यांच्या ब्रँडचं नाव. मग त्या वर्षी ते कामगार जीन्स शिवत होते असं म्हणायचं का?

कुणाला पुरावाच हवा असेल तर बॉस्टनमधला १९८९ चा खटला बघा. त्या वर्षी एनबीएच्या बॉस्टन सेल्टिक्सने स्प्लिटचा खेळाडू दिनो राद्जा याला ड्राफ्टमध्ये (एनबीएचे संघ नवे खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्यात) ४० व्या क्रमांकावर निवडलं आणि त्याच्याशी करारही केला. स्प्लिटचा क्लब अमेरिकेतल्या संघीय न्यायालयात गेला. राद्जाचा आमच्याशी केलेला करार अजून चालू आहे, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने क्लबच्या बाजूने मनाई हुकूम दिला आणि राद्जा १९८९-९० चा हंगाम स्प्लिटमध्येच खेळला. शिफ्ट संपवून हौसेने खेळणाऱ्या कामगाराचा करार असा अमेरिकन न्यायालयात टिकत नाही. हे पूर्णवेळ, कराराने बांधलेले खेळाडू होते.

‘कोच नव्हता’ हे तर वाचवत नाही. १९८६ पासून बोझिदार माल्कोविच प्रशिक्षक होते आणि त्यांच्या पाठीशी सल्लागार म्हणून अलेक्झांदर निकोलिच होते. निकोलिच म्हणजे इटलीच्या वारेसेला १९७०, १९७२ आणि १९७३ मध्ये युरोप जिंकून देणारे गुरू. त्यातला १९७२ चा अंतिम सामना वारेसेने ७०-६९ असा एका गुणाने जिंकला होता आणि हरलेला संघ होता हीच युगोप्लास्तिका. उघडं मैदान म्हणाल, तर ग्रिपेचं बंदिस्त क्रीडा संकुल १९७९ च्या भूमध्यसागरी स्पर्धांसाठी उभं राहिलं होतं.

आणि प्रतिभा लागत नाही? १९८७ च्या कनिष्ठ जागतिक स्पर्धेत, बोर्मियोला, स्प्लिटच्याच तोनी कुकोचने अमेरिकेविरुद्ध एकाच सामन्यात १२ पैकी ११ थ्री-पॉइंटर (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) टाकले. राद्जाही त्याच संघात होता आणि युगोस्लाव्हिया विश्वविजेता झाला. दोन वर्षांनी म्युनिकमध्ये कुकोच २० वर्षांचा होता, राद्जा २१ चा. शिवाय युगोस्लाव्ह खेळाडूंना ठरावीक वय होईपर्यंत परदेशी क्लबकडे जायची सहसा परवानगी नसे, म्हणून असे खेळाडू घरच्या क्लबमध्ये एकत्र राहिले. ते बंधन नाहीसं झालं तसा संघही फुटत गेला.

घाम त्यांनी गाळलाच, पण तो कुठे गाळला ते स्कोअरबोर्डवर दिसतं. तीन अंतिम सामने ७५-६९, ७२-६७ आणि ७०-६५. प्रतिस्पर्धी एकदाही सत्तरीला पोचला नाही, आणि ते होते पहिल्या वेळी मकाबी तेल अवीव आणि पुढे दोनदा बार्सेलोना. तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे चेंडू हातात आल्यावर शॉट मारायला मिळणारा वेळ, ३० सेकंदांचं होतं, आजच्यासारखं २४ चं नव्हे. त्यामुळे जो संघ शिस्तीने बचाव करून मग घाई न करता चेंडू फिरवू शकतो, त्याला सामन्याचा वेग आपल्या हातात ठेवता यायचा. चेंडू पुढे आणायला बऱ्याचदा कुकोच असायचा, ६ फूट १० इंच उंचीचा. त्याच्यावर बुटका गार्ड लावला तर तो डोक्यावरून पास टाकणार. उंच खेळाडू लावला तर तो ड्रिबलला मागे पडणार आणि रिंगखाली राद्जाला अडवायला एकच माणूस उरणार. मदतीला कुणी आत सरकलं की तीन गुणांच्या ६.२५ मीटरच्या रेषेबाहेर संघातला पेरासोविच किंवा इवानोविच मोकळा. ही मांडणी वर्षानुवर्षांच्या शिकवणीतून येते. दमलेल्या पायांनी मारलेल्या फेऱ्यांतून ती येत नाही. दमल्यावर आधी बिघडतो तो बचावातली पायांची सरकती हालचाल आणि शॉटची उंची.

‘सगळे एकाच गावचे’ हे अर्धवट खरं. कुकोच आणि राद्जा स्प्लिटचेच. पण दुश्को इवानोविच माँटेनेग्रोचा, झोरान स्रेतेनोविच बेलग्रेडचा, झोरान साविच बोस्नियातल्या झेनित्साचा, पेतार नाउमोस्की मॅसेडोनियाचा. संघही तिन्ही वर्षं तोच नव्हता. १९९० मध्ये माल्कोविच, राद्जा आणि इवानोविच तिघेही गेले. नवे प्रशिक्षक झेल्को पाव्लिचेविच झाग्रेबचे, आणि त्यांनी तिथल्याच चिबोना क्लबला १९८६ मध्ये युरोप जिंकून दिला होता. पॅरिसच्या अंतिम सामन्यात साविचने २७ गुण केले आणि समोर बार्सेलोनाच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून माल्कोविचच बसले होते. माझ्या मते तिन्हींत हे विजेतेपद सगळ्यात मोठं, आणि मेसेजमध्ये नेमका त्याचाच पत्ता नाही.

‘एकमेव क्लब’ हेही चूक. रीगाच्या आस्काने १९५८, १९५९, १९६० अशा पहिल्या तिन्ही स्पर्धा जिंकल्या होत्या. स्प्लिटनंतर मात्र सलग तीन कुणाला जमलेले नाहीत, हे मान्य.

एनबीएच्या संघाला हरवलं नाही. मॅकडोनाल्ड्स ओपन या एनबीएचा संघ आणि इतर देशांचे संघ यांच्यातल्या स्पर्धेत १९८९ मध्ये डेन्व्हर नगेट्सकडून १३५-१२९ आणि १९९० मध्ये न्यूयॉर्क निक्सकडून ११७-१०१ असे दोन्ही अंतिम सामने ते हरले. डेन्व्हरशी सहा गुणांनी हरणं ही तेव्हा मोठीच गोष्ट होती. ती फुगवायची गरज नव्हती.

युद्धाने क्लबचं फार नुकसान केलं. १९९१-९२ मध्ये युरोपातले ‘घरचे’ सामने त्यांना स्पेनमधल्या आ कोरुन्यात खेळावे लागले, तेव्हा जर्सीवर ‘स्लोबोदना दाल्मात्सिया’ या स्थानिक वृत्तपत्राचं नाव होतं. तोवर कुकोच इटलीतल्या त्रेविझोला आणि साविच बार्सेलोनाला गेलेले होते. पण क्लब संपला नाही. केके स्प्लिट या नावाने त्याने २००३ ची क्रोएशियन लीग जिंकली, आणि तो आजही खेळतो.