ओ-ब्रियोंची कीर्ती यादीने दिली नाही

नमस्कार. फ्रान्समधल्या बोर्दोच्या शातो ओ-ब्रियों या वाइनच्या द्राक्षमळ्यावरच्या माझ्या लेखावर आपण मनापासून आणि सविस्तर लिहिलेत, आभारी आहे. आपले आक्षेप थोडक्यात असे: या मळ्याचा मोठेपणा म्हणजे बोर्दोच्या वाइनना श्रेणी देणाऱ्या 1855च्या सरकारी यादीची करामत, मातीचे गोडवे व्यापाऱ्यांनी रचलेले, आणि मालक अमेरिकन बँकर झाल्यावर परंपरा उरली कुठे?

यादीबद्दलचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी ती बोर्दोच्या दलालांनी केली, ती बाजारात वर्षानुवर्षे मिळत आलेल्या भावांवरून. म्हणजे नाव आधी झाले, यादी नंतर आली. त्या वेळी पहिल्या श्रेणीतले बाकीचे तिन्ही मळे बोर्दोच्याच मेदोक भागातले. बोर्दो शहराजवळच्या पेसाकचा हा एकटाच मेदोकबाहेरचा, तरी त्याला डावलता आले नाही.

लंडनच्या सॅम्युअल पीप्स या सरकारी अधिकाऱ्याने 10 एप्रिल 1663च्या रोजनिशीत या वाइनची चव वाखाणली आहे. नाव लिहिले आहे 'हो ब्रायन', कानावर पडले तसे. यादीच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी! त्या काळी बोर्दोची वाइन बहुतेक करून नुसती 'बोर्दोची' म्हणूनच खपायची, व्यापारी ती एकमेकींत मिसळतही. ओ-ब्रियोंच्या तेव्हाच्या मालक पोंताक घराण्याने आपला माल मळ्याच्या नावाने विकला आणि 1666च्या आगीनंतर लंडनमध्ये स्वतःची खाणावळच थाटली. माझ्या लेखी ओ-ब्रियोंचे खरे कर्तृत्व हेच.

आता माती. जॉन लॉक 1677मध्ये स्वतः मळ्यावर गेला होता. हा इंग्रज तत्त्वज्ञ, त्याला काही विकायचे नव्हते. त्याने पाहिली ती पांढरी वाळू आणि थोडी खडी. इथे काही उगवेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे त्याने लिहिले. पण अशा हलक्या जमिनीत पाणी साचत नाही, मुळे खोल उतरतात, वेलीचा जोर नुसत्या पानांत जात नाही. श्रीमंत इंग्रज वाटेल त्या भावाने वाइन मागवतात म्हणून किंमत चढली, हेही लॉकनेच नोंदवले आहे. पैशाविषयीचा आपला मुद्दा तेवढ्यापुरता अगदी बरोबर आहे.

राहिली मालकी. ती इथे सारखी बदलत आली. मालक जोसेफ द फ्युमेलला फ्रेंच राज्यक्रांतीत, 1794मध्ये गिलोटीनवर चढवले. पुढे काही वर्षे मळा मुत्सद्दी तालेराँकडे होता. आपण म्हणता तो अमेरिकन बँकर, क्लॅरेन्स डिलन, याने तो 1935मध्ये, मंदीच्या दिवसांत घेतला आणि आजही तो त्याच कुटुंबाकडे आहे. रोजचे काम देल्मास घराण्याने तीन पिढ्या सांभाळले. आणि रस आंबवायला स्टीलच्या टाक्या आणण्याचे धाडस बोर्दोच्या या बड्या मळ्यांत पहिल्यांदा ओ-ब्रियोंने केले, 1961च्या सुमारास, याच अमेरिकन कुटुंबाच्या काळात.