ऐंशी टक्के

डोंगरातल्या सायकल शर्यतीत मी उतरलो याचं खापर मी कुणावर फोडणार नाही. मित्र एवढंच म्हणाला होता, "अरे, निम्मा रस्ता तर उताराचा असतो!" हे अक्षरशः खरं होतं. उरलेल्या निम्म्याचं काय, हा प्रश्न मला सुरुवातीच्या रेषेवर उभं राहिल्यावर सुचला.

त्यातही ते निम्मं अंतर किलोमीटरमध्ये मोजलेलं. साडेचार किलोमीटरची फेरी, अशा सहा. घड्याळाने मोजलं तर एका फेरीत सतरा मिनिटं चढ आणि तीन मिनिटं उतार, आणि त्या तीनपैकी दोन मिनिटं माझे डोळे मिटलेले.

सुरुवातीच्या रेषेवर सगळे एकमेकांची चाकं दाबून बघत होते. "किती ठेवलीय?" असं बाजूच्याने मला विचारलं. हवा. ट्यूबलेस टायरमध्ये लोक वीस-बावीस पीएसआय ठेवतात, म्हणजे टायर दगडाला धरून राहतो. मी चाळीस भरली होती, कारण टायर कडक लागला की मला बरं वाटतं. "चाळीस" म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी लगेच "मागच्या आणि पुढच्या चाकाची मिळून" असं जोडून टाकलं.

पायात क्लिपलेसचे बूट होते. ज्यात क्लिप असते त्या पेडलला क्लिपलेस म्हणतात. या खेळातला हा पहिला खोटेपणा. बुटाच्या तळाचा खिळा पेडलमध्ये अडकतो आणि टाच बाहेर फिरवली की सुटतो. पडता पडता टाच बाहेर फिरवायचं आठवणारी माणसं वेगळी. शिट्टी व्हायला दहा सेकंद असताना मी, जागेवर उभा असताना, अत्यंत संथपणे डावीकडे आडवा झालो. जोरात पडलो असतो तर निदान सहानुभूती मिळाली असती.

कॅलिफोर्नियात मरीन काउंटीच्या डोंगरात १९७६ साली काही पोरांनी जुन्या जाड सायकलींवरून उताराची शर्यत लावली. खाली येईपर्यंत मागच्या चाकाच्या हबमधला, म्हणजे मधल्या तुंब्यातला, ब्रेक इतका तापायचा, की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. पहिली शर्यत अ‍ॅलन बाँड्सने जिंकली, कारण न पडता खाली पोचलेला तो एकटाच, असं सांगतात. माझा बेतही हाच होता. बाकीचे पडतील, आपण नाही. शिट्टीआधीच बेत फसल्यामुळे पुढची शर्यत मी बेताशिवाय केली.

चढाबद्दल काय सांगावं? माझ्या सायकलच्या मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीला ५१ दाते आहेत. घेताना वाटलं होतं, एवढे कशाला लागणार? पहिल्याच वळणावर चेन त्या चक्रीवर चढली आणि नंतर मी आणखी हलका गिअर टाकण्यासाठी बटण दाबत राहिलो. गिअर संपलेत हे डोक्याला कळतं, अंगठ्याला कळत नाही. तो आपला आशेने दाबतो. बटण गप्प. पुन्हा दाबतो. देवळात घंटा वाजवल्यावर माणूस क्षणभर वर बघतो ना, तसा मी खाली चक्रीकडे बघायचो. कदाचित आपल्यासाठी एखादी बावन्न दात्यांची प्रकट झाली असेल. आणि खाली बघितलं की पुढचं चाक मुळावर जायचं, सायकल थांबायची, आणि टाच बाहेर फिरवायचं मला आठवायचं नाही.

उताराचं शास्त्र सोपं आहे म्हणे: जिथे जायचं तिथे बघायचं, सायकल तुमच्या नजरेमागून जाते. झाडाकडे बघितलंत तर झाडावर जाल. औषध घेताना माकड आठवायचं नाही, त्यातलाच हा प्रकार. त्या सिंगलट्रॅकवर, म्हणजे एकच सायकल मावेल अशा पायवाटेवर, पाचएकशे झाडं होती. मी एका झाडाकडे न बघण्याचा निश्चय केला आणि त्यालाच तीन फेऱ्यांत दोनदा भेटलो. दुसऱ्या वेळी मी चक्क "सॉरी" म्हणालो.

मग तो खडक. कमरेएवढा उंच, आणि माझ्यासारख्यांसाठी त्याला उतरती फळी लावलेली. टोकियो ऑलिम्पिकच्या शर्यतीत नेदरलँड्सचा नामवंत सायकलपटू मॅथ्यू व्हॅन डर पूल अशाच एका खडकावरून पहिल्या फेरीत कोसळला होता. सरावाच्या वेळची फळी शर्यतीतही असेल असं त्याला वाटलं, आणि ती नव्हती. इथे फळी होती. मी फळीवरून पडलो. खाली उभ्या असलेल्या मार्शलने "ठीक आहात ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझी सायकल उचलून तिचं हँडल सरळ केलं. माझं सरळ करायला वेळ लागला असता.

या सगळ्यात माझा एकच आधार होता. या खेळात ऐंशी टक्क्यांचा नियम असतो. पहिल्या क्रमांकाच्या गड्याला पहिल्या फेरीला जेवढा वेळ लागला, त्याच्या ऐंशी टक्के वेळाने तुम्ही मागे पडलात, की पंच तुम्हाला बाजूला घेतात. सन्मानाने. मी सोडलं असं होत नाही, त्यांनी थांबवलं असं होतं. पुढच्याने पहिली फेरी सोळा मिनिटांत मारली होती, म्हणजे मला बारा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद मागे पडायचं होतं. शाळेत ज्याला गुणाकार धड जमला नाही त्याने हे दशांशाचं गणित चढावर, तोंडात माती असताना, तोंडी केलं.

पहिल्या फेरीअखेर मी चार मिनिटं मागे. दुसऱ्या अखेर सव्वाआठ. वाटचाल उत्तम होती. तिसऱ्या फेरीत मी झाडाजवळही वेळ काढला. पंचांच्या टेबलाजवळ आलो तेव्हा चेहऱ्यावर दुःख आणून वेग कमी केला, ब्रेकवर बोट ठेवलं.

"चला, चला!" पंच उठून टाळ्या वाजवायला लागले. "अठरा सेकंदांनी वाचलात!"

मी? वाचलो?

मागच्या दोन-चार माणसांनीही टाळ्या वाजवल्या. आता थांबणं शक्य नव्हतं. मी हसून हात वर केला, त्यामुळे हँडलवर एकच हात राहिला आणि त्याचं जे व्हायचं ते झालं.

चौथ्या फेरीत, उताराच्या शेवटच्या टप्प्यावर, मागून "ट्रॅक!", म्हणजे वाट सोडा, अशी आरोळी आली. पहिल्या क्रमांकाचा गडी पूर्ण फेरीने मला गाठत होता. मी सायकलसकट झुडपात शिरलो. जाताना तो "थँक्स, दादा" म्हणाला. दम न लागता बोलणारं, अख्ख्या शर्यतीत भेटलेलं ते एकच माणूस. झुडपातून निघायला चार मिनिटं लागली, आणि या वेळी पंचांनी खरोखर बाजूला घेतलं. मी इतका पटकन उतरलो, की टाच बाहेर फिरवायचंही आठवलं.

निकालाच्या तक्त्यात सगळ्यात खाली माझं नाव, पुढे वजा दोन, म्हणजे दोन फेऱ्या कमी. संध्याकाळी आईचा फोन आला. काय झालं शर्यतीचं, असं तिने विचारलं. सगळं सांगायचं त्राण नव्हतं.

"ऐंशी टक्क्यांत काढलं गं मला."

पलीकडे क्षणभर शांतता.

"ऐंशी?" आई म्हणाली. "अरे मग वाईट काय त्यात? शाळेत कधी पडले होते तुला एवढे? थांब, बाबांना सांगते."