आप्पांचा केबीसीचा सातबारा

आमचे आप्पा रिटायर्ड तलाठी. असा माणूस घरात बसला की कशाची ना कशाची नोंद करणारच, आमच्या नशिबाने त्यांना केबीसी, म्हणजे 'कौन बनेगा करोडपती', सापडलं. 3 जुलै 2000 ला स्टार प्लसवर पहिला भाग लागला तेव्हापासूनचे भाग मोजायची वही आहे, आणि हल्ली चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे ती भरायचं काम माझ्याकडे.

आता तुम्ही म्हणाल त्यात काय, रोज एक भाग, एक मिळवायचा. करून बघा. हूटर वाजला आणि खेळाडू हॉटसीटवरच असला तर तो दुसऱ्या दिवशी पुढे खेळतो, म्हणजे भाग दोन, माणूस एक. अशा वेळी आप्पा पोटहिस्सा, म्हणजे एका नंबराचे दोन तुकडे, पाडायला लावतात. रिपीट टेलिकास्ट पोटखराब्यात, म्हणजे न पिकणाऱ्या जमिनीत. सेलिब्रिटी आले तर शेरा मारायचा, आकार, म्हणजे शेतसारा, माफ.

बरं ह्या गोष्टी मुंबई-पुण्यात ठीक आहेत हो, आमच्याकडे मालवणात वारा सुटला की तारेवर झावळ पडून लाइट जाते. अर्धाच बघितलेला भाग धरायचा का? "स्थळपाहणी झाल्याशिवाय नोंद नाय!" मग रात्री साडेदहाला मी गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उभा, कारण रेंज तेवढ्याच दगडावर येते, पायाला लाल मुंग्या, हातात मोबाईल, आणि ॲपवर ते चक्र गरगर फिरतंय. खळ्यातून, म्हणजे अंगणातून, आप्पा ओरडतायत, "पाच लाखाचो प्रश्न इलो काय रे?"

गणपतीत तर विचारूच नका. टीव्ही आणि गणपती एकाच खोलीत, आरतीनंतर भजन, भजनानंतर उसळ, त्यात नऊचा केबीसी कोण लावून देणार? पुतण्या मुंबईहून आला होता, तो म्हणाला आप्पा गूगल करा ना, सगळं मिळतं. आप्पा म्हणाले, "गूगलान बघल्यान काय रोज बसान?"

खरा राडा झाला डिसेंबर 2021 ला. बच्चनसाहेबांची मुलगी श्वेता आणि नात नव्या आल्या होत्या, हजारावा भाग म्हणून मोठा सोहळा, आणि आमच्या वहीचा आकडा जुळेना. जुळणार कसा? 2007 चा सीझन शाहरुखने केला, तो आप्पांनी मालकी हक्कात घेतलेलाच नाही, इतर हक्कात टाकलाय. 2010 ला शो सोनीवर गेला तर त्याचा फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, वेगळा. बच्चनसाहेब टीव्हीत भावुक, काकी पदर डोळ्याला लावतेय, आणि आप्पा मला सांगतायत, "लिही, हरकत नोंदवली, फेरफार नामंजूर." मी लिहिलं. न लिहून सांगतो कोणाला, माझं जेवण त्याच घरात आहे.

आता काकीला मराठीचाही हिशोब पाहिजे. 2013 ला ई टीव्ही मराठीवर 'कोण होईल मराठी करोडपती' होतं, सचिन खेडेकरांचं. 2019 ला सोनी मराठीवर नागराज मंजुळे आले तर नाव 'कोण होणार करोडपती', मग 2021 ला परत खेडेकर. काकी म्हणते एकच शो, सलग मोजा. आप्पा म्हणतात चॅनल वेगळं, नाव वेगळं, म्हणजे गट नंबरच वेगळा. "नाव बदलला म्हणान जमीन बदलता काय?" काकीने त्यांनाच त्यांचा कायदा ऐकवला, तेव्हा आप्पा पहिल्यांदाच गप्प झाले आणि मला म्हणाले, बाजारात जातोस तर दोनशे पानी वही आण, सुनावणी लावूया.