दहावीनंतरच्या चित्रकलेचं काय?

दहावीचा निकाल लागला की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर दरवर्षी एकच वाद पेटतो. शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलांच्या बातम्या येतात आणि त्यात चित्रकलेचे वाढीव गुण किती, याची चिरफाड सुरू होते. इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षेतल्या अ श्रेणीला ७, ब श्रेणीला ५, क श्रेणीला ३. एक बाजू म्हणते, हे गुण काढले तर चित्रकलेच्या तासाला सर्रास गणित शिकवतील. दुसरी म्हणते, गुणांपायी मुलं क्लासला जाऊन स्मरणचित्रंसुद्धा घोटून येतात.

दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटतं. पण हा वाद पंधरा-सोळाव्या वर्षाच्या पुढे सरकतच नाही, याची खंत वाटते. जणू त्यानंतर कुणी चित्र काढतच नाही.

मी श्टुटगार्टला राहते. इथे रोटेब्यूलप्लाट्झ या चौकात फोल्क्सहोखशूल आहे, म्हणजे प्रौढांसाठी सरकारी पाठबळावर चालणारं शिक्षणकेंद्र. जर्मनीत अशी आठशेहून अधिक केंद्रं आहेत. त्यांना उत्तेजन द्यावं, असं जर्मनीच्या १९१९च्या वायमार राज्यघटनेतच लिहिलेलं होतं. फी भरावी लागते, पण ती परवडते. ऑफिस सुटल्यावर मी तिथे रेखाटनाच्या वर्गाला जाते. वर्गात निवृत्त नर्स आहे, बसचालक आहे. परीक्षा नाही, श्रेणी नाही.

मग सुधारणा कशी होते? पाण्याचा साधा ग्लास घ्या. नवशिका माणूस वरची कड छान लंबगोल काढतो आणि तळ मात्र सरळ रेघेत उरकतो, कारण ग्लास सपाट टेबलावर ठेवलाय हे त्याला माहीत असतं. खरं तर तळ डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असतो, म्हणून तो वरच्या कडेपेक्षाही जास्त गोल दिसतो. आमच्या बाई हे सांगत नाहीत. त्या चित्र भिंतीला टेकवून ठेवतात, चार पावलं मागे जायला लावतात आणि विचारतात, ‘तुम्हाला यात काय खटकतंय?’ एकदा ते आपलं आपल्याला दिसलं की पुढचा आठवडाभर घरातला प्रत्येक पेला, प्रत्येक पातेलं आपण त्याच नजरेनं बघतो. कुणी सांगितलेलं नसतं, तरी हात वहीकडे जातो. ही ओढ ७ गुणांनी लागत नाही.

याचा तोटाही आहे. कुणीच तपासत नसल्यामुळे वर्गातले काही जण वर्षानुवर्षं तेच निसर्गचित्र काढत बसतात. आणि माझा स्वतःचा हात वळला तो गावच्या शाळेत, इंटरमिजिएटच्या आधीच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीत. त्या परीक्षांवर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

म्हणून गुण ठेवा की काढा, यावर माझा फारसा हट्ट नाही. माझी मागणी वेगळी आहे. सांगलीच्या माझ्या मावशीला निवृत्तीनंतर चित्रकला शिकायची होती. चौकशी केली तिथे सगळीकडे आठवीतल्या मुलांच्या ग्रेड परीक्षेचीच तयारी चाललेली. ती परत आली. पालिकेच्या काही शाळांत चित्रकलेचे वर्ग, फळा, स्टूल सगळं आहे आणि संध्याकाळी त्यांना कुलूप असतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी ते उघडावेत, शिक्षकाला पालिकेनं मानधन द्यावं, येणाऱ्यांनी माफक फी भरावी. वाढीव गुणांवर इतक्या हिरिरीनं भांडणाऱ्यांनी आपल्या नगरसेवकाकडे एकदा हेही मागून बघावं.